‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून देऊ नका : पुरुषांचे गुप्तरोग आणि अँटिबायोटिकचा पुरा इलाज

मे महिन्यात लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे घरोघरी एकच निदान होतं : उन्हाळी लागली. मग सब्जा, धण्याचं पाणी, नारळपाणी सुरू होतं. बहुतेक वेळा त्याने बरं वाटतं, कारण शरीरात पाणीच कमी पडलेलं असतं. पण जळजळीसोबत लिंगाच्या तोंडातून पिवळसर पू येत असेल, कपड्यावर डाग पडत असतील किंवा तिथे एखादी जखम झाली असेल, तर सब्जाने काही होणार नाही. तो जंतूंचा आजार आहे आणि त्याला औषधच लागतं.

यानंतर बऱ्याच वेळा काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. माणूस गर्दी कमी असताना मेडिकलवर जातो, हळू आवाजात सांगतो, दोन-चार गोळ्या घेतो. तीन दिवसांत पू थांबतो. माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि विषय विसरतो. पण पू थांबला म्हणजे जंतू मेला, असं नसतं. आणि नवऱ्याने एकट्याने गोळी घेतली म्हणजे घरातला आजार गेला, असंही नसतं. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, पण त्यातले बारकावे नीट समजून घेतले पाहिजेत.

कोणता आजार, कशी ओळख

हे आजार दुर्मीळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये क्लॅमिडियाचे सुमारे १२ कोटी ९० लाख, गोनोरियाचे ८ कोटी २० लाख आणि सिफिलिसचे ७१ लाख नवे रुग्ण झाले.

गोनोरिया, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलीतला परमा. संबंधानंतर साधारण २ ते ७ दिवसांत लघवीला आग आणि घट्ट, पिवळा-हिरवट पू. पुरुषांमध्ये याची लक्षणं बहुधा ठळक असतात.

क्लॅमिडिया. १ ते ३ आठवड्यांनी पातळ, पांढरट किंवा पाण्यासारखा स्राव, थोडी जळजळ. पुष्कळ पुरुषांना तर काहीच जाणवत नाही. गोनोरियासोबत हा जंतू अनेकदा असतोच, म्हणून डॉक्टर बऱ्याच वेळा दोन्हींचं औषध एकत्र देतात.

सिफिलिस, म्हणजे उपदंश किंवा गरमी. १० ते ९० दिवसांत, सरासरी ३ आठवड्यांनी, लिंगावर एक कडक कडांची जखम होते. ती सहसा दुखत नाही, म्हणून फसवते. औषध न घेताही ती ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते. माणसाला वाटतं, गेलं. मग काही आठवड्यांनी अंगावर, तळहात-तळपायावर पुरळ येतं, तेही जातं. पुढे हा जंतू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो आणि शेवटी हृदय, मेंदू, डोळे यांच्यावर जातो.

जखम दुखरी असेल, तर शँक्रॉइड नावाचा जंतुसंसर्ग असू शकतो. पण बारीक पाण्याच्या फोडांचा झुबका आला असेल आणि तो पुन्हा पुन्हा येत असेल, तर बहुधा तो हर्पिस असतो. हर्पिस विषाणूचा आजार आहे, त्याला अँटिबायोटिक कितीही खाल्लं तरी उपयोग नाही. त्याचं औषध वेगळं आहे.

आणि एक गोष्ट मनाच्या शांतीसाठी. शौचाच्या वेळी जोर लावल्यावर किंवा मनात विचार आल्यावर चिकट, पारदर्शक थेंब येणं, झोपेत वीर्य जाणं, हा आजार नाही. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर ‘धातूरोग’ म्हणून जाहिराती करणारे याच भीतीवर कमावतात. त्यासाठी कुठलंही अँटिबायोटिक घेऊ नका.

‘आमचा खतना झालाय, आम्हाला काय होणार?’

हा गैरसमज आपल्या समाजात खास आहे, म्हणून स्पष्ट बोलू. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा या देशांत मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत खतना झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्ही लागण्याचा धोका जवळपास ५० ते ६० टक्क्यांनी कमी दिसला. हर्पिस आणि एचपीव्ही या विषाणूंचा धोकाही कमी झाला. एवढं खरं आहे. पण गोनोरिया आणि क्लॅमिडियापासून खतन्यामुळे असं संरक्षण मिळत नाही. हे जंतू लघवीच्या नळीच्या आतल्या अस्तरात शिरतात, वरच्या कातडीचा तिथे काही संबंध येत नाही. त्यामुळे पू येत असेल, तर खतन्याच्या भरवशावर बसू नका. एचआयव्हीच्या बाबतीतही धोका कमी होतो, संपत नाही.

आधी तपासणी, मग गोळी

पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. गोळी पोटात गेली की जंतू कमी होतात, रिपोर्ट चुकू शकतो आणि नेमकं काय होतं ते कधीच कळत नाही.

पू येत असेल तर काचपट्टीवर त्याचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पुरुषांमध्ये गोनोरियासाठी ही साधी, स्वस्त तपासणी चांगली चालते. क्लॅमिडियासाठी लघवीची पीसीआर तपासणी असते. तिच्यासाठी लघवीची पहिली धार द्यायची असते, आणि त्याआधी तास-दोन तास लघवी केलेली नसावी. सिफिलिससाठी रक्ताच्या व्हीडीआरएल किंवा आरपीआर आणि टीपीएचए या चाचण्या असतात. जखम नुकतीच झाली असेल तर सुरुवातीला रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगतात.

सोबत एचआयव्ही आणि कावीळ बी यांची तपासणी करून घ्या. एक आजार ज्या वाटेने आला, त्याच वाटेने दुसराही येतो.

कोणत्या जंतूला कोणतं औषध

खाली दिलेली मात्रा माहितीसाठी आहे, म्हणजे डॉक्टर काय देत आहेत ते तुम्हाला कळावं. हे वाचून स्वतः औषध सुरू करू नका. वजन, ॲलर्जी, किडनी-लिव्हरचे आजार आणि चालू असलेली औषधं बघूनच मात्रा ठरते.

गोनोरिया : आज जगभर मुख्य औषध सेफ्ट्रिॲक्सोन आहे, तेही कमरेत एकच इंजेक्शन. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची २०२१ ची मार्गदर्शिका प्रौढ माणसाला ५०० मिलिग्रॅम सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये १ ग्रॅमची शिफारस केली. आपल्या सरकारी केंद्रांवर पू येणाऱ्या रुग्णाला अनेक वर्षं सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, दोन्ही एकदाच, समोर बसवून देण्याची पद्धत आहे.

क्लॅमिडिया : डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. अझिथ्रोमायसिन १ ग्रॅमच्या एकाच मात्रेपेक्षा हा कोर्स जास्त खात्रीचा मानला जातो. पण अट एकच, सातही दिवस पूर्ण झाले पाहिजेत.

सिफिलिस : बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, कमरेत इंजेक्शन. लागण होऊन वर्ष झालं नसेल तर एकदा. त्याहून जुनी असेल किंवा कधीची ते माहीत नसेल, तर दर आठवड्याला एक अशी ३ इंजेक्शनं. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन, सुरुवातीच्या आजारात सुमारे २ आठवडे, जुन्यात ४ आठवडे. पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे १९४३ मध्ये दिसलं आणि आज ऐंशीहून जास्त वर्षांनीही हे औषध या जंतूवर चालतं.

पहिल्या इंजेक्शननंतर २४ तासांत थंडी-ताप, डोकेदुखी, अंगदुखी होऊ शकते. एकाच वेळी पुष्कळ जंतू मरतात त्याचा तो परिणाम असतो, ताप एखाद्या दिवसात उतरतो. ही ॲलर्जी नव्हे. मात्र श्वास लागणं, ओठ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं ही ॲलर्जीची लक्षणं आहेत. म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा.

औषध पूर्ण घेऊनही स्राव चालूच राहिला, तर डॉक्टर मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाच्या जंतूचा विचार करतात. त्याच्यावर अझिथ्रोमायसिन अनेक ठिकाणी चालेनासं झालं आहे. त्यामुळे आधी डॉक्सिसायक्लिन आणि मग मॉक्सिफ्लॉक्सासिन असा क्रम लागतो. ट्रायकोमोनास नावाचा परजीवीही कारण असू शकतो, त्याला मेट्रोनिडाझोल लागतं. थोडक्यात, ‘तीच गोळी पुन्हा एकदा’ हे उत्तर नसतं.

मेडिकलची गोळी का फसते

गोनोरियाच्या जंतूचा इतिहास बघा. १९३० च्या दशकात सल्फाची औषधं आली, काही वर्षांतच हा जंतू त्यांना दाद देईना. मग पेनिसिलिन आलं. १९७६ मध्ये पेनिसिलिन तोडून टाकणारे जंतू सापडले. नंतर सिप्रोफ्लॉक्सासिनची पाळी आली. अमेरिकेने २००७ मध्ये गोनोरियासाठी त्या गटाची शिफारस काढून टाकली, आणि भारतातही ते या आजारात भरवशाचं राहिलेलं नाही. २००९ मध्ये जपानमधल्या क्योटोत सेफ्ट्रिॲक्सोनलाही जुमानत नसलेला जंतू मिळाला. एक ग्रॅमपर्यंत वाढत गेलेली मात्रा उगाच वाढलेली नाही.

आता मेडिकलच्या काउंटरवर काय मिळतं? कधी सिप्रोफ्लॉक्सासिन, कधी जुलाबावर देतात ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी, कधी अझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या. अर्धवट औषधाने जंतू दबतो, लक्षणं जातात आणि जे जंतू वाचतात ते त्या औषधाला सरावलेले असतात. सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला रुग्णाची व डॉक्टरची नोंद वहीत ठेवावी लागते. चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला तुम्हाला अडवत नाही, तो कायदा पाळतोय.

घरात दोघांचा इलाज

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच लक्षण नसतं. गोनोरियातही पुष्कळदा नसतं. नवऱ्याला पू आला म्हणून कळलं तरी, बायकोला कळायला मार्ग नाही. नवरा गुपचूप गोळी घेऊन मोकळा होतो, आणि तिच्या शरीरात जंतू गर्भाशयातून नलिकांपर्यंत चढतो. ओटीपोटात दुखत राहतं, नलिका बंद होतात. दोन-तीन वर्षांनी ‘मूल होत नाही’ म्हणून सासरी-माहेरी बोलणी तीच खाते. कधी तलाक किंवा दुसऱ्या निकाहपर्यंत गोष्ट जाते. ज्याने आजार घरात आणला तो मात्र गप्प असतो. ही नाइन्साफी आहे, आणि एका वेळच्या औषधाने ती टाळता आली असती.

बायको गरोदर असेल तर वेळ आणखी महत्त्वाची. इलाज न झालेल्या सिफिलिसमुळे गर्भपात होऊ शकतो, मूल पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मू शकतं. गोनोरियामुळे नवजात बाळाचे डोळे जाऊ शकतात. गरोदरपणात सिफिलिसवर पेनिसिलिन हेच औषध आहे आणि ते प्रसूतीच्या निदान एक महिना आधी पूर्ण व्हायला हवं. डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून नवऱ्याच्या पानातल्या गोळ्या बायकोला देऊ नका. तिची तपासणी वेगळी, औषध वेगळं.

नियम असे लक्षात ठेवा. गोनोरिया-क्लॅमिडियात मागच्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सर्वांना कळवायचं. सिफिलिसमध्ये ही मुदत ३ महिने किंवा त्याहून जास्त धरतात. एका मात्रेचं औषध असेल तर ते घेतल्यावर ७ दिवस, आणि ७ दिवसांचा कोर्स असेल तर तो संपेपर्यंत संबंध बंद. आणि दोघांचा इलाज झाल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. नाही तर आजार एकाकडून दुसऱ्याकडे आणि परत, असा फिरत राहतो. ३ महिन्यांनी दोघांची फेरतपासणी. क्लॅमिडियाची पीसीआर ४ आठवड्यांच्या आत पुन्हा करू नका, मेलेल्या जंतूंमुळेही ती पॉझिटिव्ह येते.

कसं सांगायचं, हा खरा प्रश्न. तोंड उघडत नसेल तर समुपदेशकाची मदत घ्या, ते त्यांचं कामच आहे. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा. क्लॅमिडिया महिनोन् महिने, सिफिलिस वर्षानुवर्षं लपून राहतो. त्यामुळे एका रिपोर्टवरून कोण कधी चुकलं हे ठरवता येत नाही. रिपोर्ट हातात घेऊन बायकोवर आळ घेणं चूक आहे.

गोळ्या घेताना, आणि रमजानमध्ये

डॉक्सिसायक्लिन पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. दूध, ॲसिडिटीची औषधं, लोहाच्या गोळ्या यांच्यासोबत ती घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. या काळात उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून होडीवर, बांधकामावर काम करणाऱ्यांनी अंग झाकून घ्यावं.

रमजानमध्ये हा कोर्स आला तर इफ्तारनंतर एक आणि सहरीला एक, असं वेळापत्रक बसतं. अडचण दोन ठिकाणी येते. इफ्तारच्या दूध-शरबतासोबत गोळी घेतली जाते, आणि सहरीची गोळी खाऊन माणूस लगेच झोपतो. दोन्ही टाळा. दंडात किंवा कमरेत घेतलेल्या औषधाच्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही असं बहुसंख्य आलिम सांगतात. तरी शंका असेल तर इफ्तारनंतर घ्या, पण ‘ईद झाल्यावर बघू’ म्हणू नका. ताप, सूज असेल तर आजारी माणसाला रोजा पुढे करण्याची सवलत कुरआनमध्येच आहे.

पू थांबला का हे बघायला वारंवार लिंग दाबू नका. दाबल्याने नळीला इजा होऊन पुन्हा स्राव येतो, आणि माणूस उगाच घाबरतो.

सिफिलिसचा रिपोर्ट आणि गल्फचं मेडिकल

रत्नागिरी-रायगडपासून मालेगावपर्यंत आपली हजारो पोरं आखाती देशांत नोकरीला जातात. जाण्याआधीच्या मेडिकलमध्ये सिफिलिसची चाचणी असते. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पूर्ण बरा झालेल्या माणसाचीही टीपीएचए चाचणी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. इलाज लागू पडला की नाही हे व्हीडीआरएल किंवा आरपीआरच्या आकड्यावरून, म्हणजे टायटरवरून कळतं. तो चौपटीने खाली यायला हवा, जसा १:३२ वरून १:८. त्यासाठी ६ आणि १२ महिन्यांनी रक्त द्यायचं असतं.

म्हणून इंजेक्शनची तारीख, मात्रा आणि आधीचे-नंतरचे टायटर असलेला कागद जपून ठेवा. मेडिकलवर गुपचूप इलाज करणाऱ्याकडे हाच कागद नसतो, आणि ऐन व्हिसाच्या वेळी पंचाईत होते.

कुठे जायचं

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचा व गुप्तरोग विभाग असतो. जिल्हा रुग्णालयांत आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहे. तिथे समुपदेशन, तपासणी आणि औषध मोफत मिळतं. लक्षणांनुसार वेगवेगळ्या रंगांच्या औषधांच्या पिशव्या तिथे ठरलेल्या असतात. त्याच आवारातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी होते, आणि २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती होत नाही व रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक मोफत आहे, नाव न सांगताही बोलता येतं.

डॉक्टर विचारतील : शेवटचा संबंध कधी, कोणाशी, निरोध होता का, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, कशाची ॲलर्जी आहे. खरं सांगा. मेडिकलवरून घेतलेल्या गोळीचं रिकामं पान सोबत न्या.

थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, जर :
– एका बाजूचा अंडकोष सुजून दुखत असेल. जंतुसंसर्ग असू शकतो, पण तरुण मुलात अचानक असह्य वेदना आली तर अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.
– लघवी अडकली असेल.
– ताप, सांधे सुजणं आणि अंगावर फोड एकत्र आले असतील.
– नजर धूसर होणं, ऐकू कमी येणं, तोल जाणं सुरू झालं असेल.

शरम वाटणं साहजिक आहे. पण या शरमेची किंमत बहुतेक वेळा घरातली बाई आणि न जन्मलेलं मूल मोजतं. जंतू ओळखला, योग्य औषध पूर्ण घेतलं आणि दोघांनी घेतलं, तर हे आजार बरे होतात. उद्या सकाळी ओपीडीच्या रांगेत उभं राहायला लाज वाटली, तर एवढं आठवा, आणि जमलं तर तिलाही सोबत घेऊन जा.